कामगाराचे मत आणि बाबासाहेब

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आपल्या समाजात घरोघरी सांगितले जाते. महाडचे चवदार तळे, काळाराम मंदिराचा सत्याग्रह, पुणे करार, संविधान आणि नागपूरची धम्मदीक्षा हे टप्पे आपल्या मुलांना तोंडपाठ असतात. त्या मानाने या चरित्रातील एक प्रकरण मागे राहून जाते. मुंबईच्या गिरणगावात, मंदीने आणि वेतनकपातीने गांजलेल्या कामगारांच्या वस्तीत, बाबासाहेब मत मागण्यासाठी उभे राहिले होते. एकदा त्या वस्तीने त्यांना निवडून दिले आणि पंधरा वर्षांनी, देशाचे संविधान लिहून झाल्यावर, त्याच शहरात त्यांचा पराभव झाला. या दोन निवडणुकांच्या आधी, मधल्या काळात आणि नंतर त्यांनी कामगाराशी कोणता व्यवहार केला, हे समजून घेतल्याशिवाय त्यांचे राजकीय जीवन पुरते उमगत नाही.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. कुटुंबाचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. सैन्यातील नोकरी संपल्यानंतर सातारा आणि तेथून विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई असा या कुटुंबाचा प्रवास झाला. मुंबईत त्यांनी बिऱ्हाड केले ते परळला, डबक चाळीत. पुढे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने पोयबावडीला बांधलेल्या चाळीत दोन खोल्या मिळाल्या. एल्फिन्स्टन कॉलेजचा पदवीधर, कोलंबिया विद्यापीठाचा डॉक्टर, लंडनचा बॅरिस्टर आणि सिडनहॅम कॉलेजचा प्राध्यापक या नात्याने कीर्ती मिळविणारा हा माणूस दादरच्या राजगृहात राहावयास जाईपर्यंत याच चाळीच्या खोल्यांत राहिला. पहाटे भोंगा होताच जिना उतरणारी माणसे, एकाच खोलीत दाटीवाटीने निजणारी बिऱ्हाडे, पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात व्याजासाठी उभे राहणारे सावकार हे सारे त्यांच्या नित्याच्या पाहण्यातले होते. अर्थशास्त्राचे त्यांचे ज्ञान विलायतेचे असले, तरी मजुराचे जिणे त्यांना परळने शिकविले.

कोकणातून व देशावरून आलेला अस्पृश्य माणूस मुंबईत गोदीत, रेल्वेत, म्युनिसिपालिटीच्या सफाई खात्यात आणि गिरणीत काम करीत असे. गिरणीत त्याची जागा प्रामुख्याने सूतकताईच्या खात्यात होती. विणकामाच्या म्हणजे साच्यांच्या खात्यात मजुरी अधिक होती. पण तेथे त्याला प्रवेश नव्हता. धोट्यातील कांडी संपली की नवी कांडी बसवून सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा स्पर्श झालेला धोटा आपण हाती कसा घ्यावा, असा स्पृश्य कामगारांचा आक्षेप होता. मुसलमान कामगार त्या खात्यात चालत. अस्पृश्य चालत नसे. एकाच मालकाच्या छपराखाली, एकाच भोंग्यावर कामाला येणाऱ्या माणसांमध्ये ही भिंत उभी होती. तिच्यामुळे महिन्याच्या पगारात पडणारा फरक मुलांच्या अन्नात आणि शिक्षणात दिसत होता.

१९२८ साली गिरणी कामगारांचा प्रचंड संप झाला. सुमारे दीड लाख कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा महिने, कामाबाहेर होते. कमी माणसांकडून अधिक साचे चालवून घेण्याची मालकांची योजना आणि वेतनातील घट ही संपाची मुख्य कारणे होती. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे एक सरळ मागणी ठेवली. विणकाम खाते अस्पृश्यांना खुले व्हावे, ही मागणी संपाच्या मागण्यांत घालावी. अन्यथा आपण अस्पृश्य कामगारांना संपापासून दूर राहावयास सांगू. पुढाऱ्यांनी नाखुशीने ती मागणी स्वीकारली. त्याच वर्षी मुंबई कायदेमंडळात स्त्री कामगारांना प्रसूतीकाळी रजा व भत्ता देणारे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याचे जोरदार समर्थन केले. मातेच्या विश्रांतीचा खर्च मालकाने आणि सरकारने उचलणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती.

१९२९ साली पुन्हा संप पुकारला गेला तेव्हा मात्र त्यांनी त्याला उघड विरोध केला. पहिल्या संपाने कामगार कर्जात बुडालेला होता. त्याची शक्ती न पाहता केवळ राजकीय हेतूने त्याला पुन्हा रस्त्यावर उतरविणे त्यांना मान्य नव्हते. अस्पृश्य कामगारांनी कामावर जावे, असे त्यांनी सांगितले. या भूमिकेमुळे त्यांच्यावर मालकधार्जिणेपणाचा आरोप झाला, तो त्यांनी सोसला. संप हे कामगाराचे हत्यार आहे, हे त्यांना मान्यच होते. ते केव्हा उपसावयाचे याचा विचार मात्र कामगाराच्या चुलीकडे पाहून झाला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

१९३५ च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता मिळाली आणि निवडणुका जाहीर झाल्या. मतदानाचा हक्क अद्याप सर्वांना नव्हता. कर, मालमत्ता, शिक्षण अशा अटींवर तो अवलंबून होता. तरीही पूर्वीपेक्षा मतदारांची संख्या पुष्कळ वाढली होती. ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना केली. पक्षाच्या नावात त्यांनी कोणत्याही जातीचा उल्लेख केला नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. येवल्याच्या परिषदेत हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा करून त्यांना जेमतेम वर्ष झाले होते. त्या वातावरणात केवळ आपल्या समाजाच्या स्वाभिमानाला हाक देऊन राखीव जागा जिंकणे त्यांना कठीण नव्हते. त्यांनी त्याहून अवघड मार्ग घेतला. गिरणीतला मराठा कामगार, कोकणातला कुणबी कूळ आणि महारवाड्यातला मजूर या तिघांचे दुखणे एका जाहीरनाम्यात मांडण्याचा त्यांनी प्रयत्न केला.

तो जाहीरनामा आजच्या मतदारानेही अभ्यासावा असा आहे. जेथे लोकहितासाठी आवश्यक असेल तेथे उद्योगधंद्यांची मालकी व व्यवस्था सरकारने घ्यावी, हे तत्त्व त्यात होते. कामगाराची नेमणूक, बढती आणि बडतर्फी यांवर कायद्याचे नियंत्रण, कामाच्या तासांना मर्यादा, पुरेशी मजुरी, पगारी रजा, स्वस्त व आरोग्यदायक घरे या गोष्टी त्यात होत्या. शेतकऱ्यासाठी भूतारण बँका व सहकारी संस्था, खोती पद्धतीपासून कुळांचे संरक्षण आणि तरुणांसाठी धंदेशिक्षण यांचाही त्यात समावेश होता. नेमणूक आणि बडतर्फीचा मुद्दा वरवर कोरडा वाटतो. पण गिरणीत माणूस कामावर घेणे वा काढणे मुकादमाच्या हाती असे. त्याला चिरीमिरी दिल्यावाचून बदली कामगाराला पाळी मिळत नसे. ज्या मुकादमाच्या मर्जीवर रोजी अवलंबून, त्याच्या मर्जीविरुद्ध मत देणे किती कठीण असते, हे बाबासाहेब जाणून होते. म्हणून कामगाराला मतासाठी हाक देताना त्याला मुकादमाच्या धाकातून सोडविण्याचा उपायही त्यांनी कार्यक्रमात घातला.

पक्षाजवळ पैसा नव्हता. प्रचाराची साधने म्हणजे चाळींच्या पटांगणातील सभा, जनता साप्ताहिक, समता सैनिक दलाचे स्वयंसेवक आणि भीमराव कर्डक यांच्यासारख्या कलावंतांचे जलसे. अनंतराव चित्रे, श्यामराव परुळेकर, सुरबा टिपणीस यांच्यासारखे अस्पृश्येतर सहकारी पक्षात खांद्याला खांदा लावून उभे होते. बाबासाहेब स्वतः भायखळा-परळ भागातून उभे राहिले. काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध बाळू पालवणकर यांना उभे केले. पालवणकर हे १९११ साली इंग्लंडचा दौरा गाजविलेले थोर गोलंदाज. चर्मकार समाजात जन्मून त्यांनी मैदानावर अस्पृश्यतेला उत्तर दिले होते, आणि तरुणपणी खुद्द बाबासाहेबांनाही त्यांचे कौतुक होते. एका बाजूला सर्वांना प्रिय असलेले नाव आणि देशव्यापी पक्ष, दुसऱ्या बाजूला काही महिन्यांपूर्वी जन्मलेला मजूर पक्ष, अशी ही लढत होती. फेब्रुवारी १९३७ मध्ये मतदान झाले आणि बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी विजयी झाले. पक्षाने उभ्या केलेल्या सतरा उमेदवारांपैकी मोजके वगळता सारे निवडून आले.

निवडून आल्यानंतर काय केले, यावर मत मागणाऱ्याची खरी परीक्षा होते. सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक कायदेमंडळात मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो कुळांचा मोर्चा मुंबईत कायदेमंडळावर नेला. त्यात महार आणि कुणबी शेतकरी एकत्र चालले. फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे त्यांनी तेथे सांगितले. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात नव्हे. स्वातंत्र्य, समता व बंधुता नाकारणारी वृत्ती म्हणजे ब्राह्मणशाही, आणि ती सर्व जातींत शिरलेली आहे, हेही त्यांनी तेथेच स्पष्ट केले. रेल्वेतला अस्पृश्य जन्मभर गँगमन राहतो, स्टेशनमास्तरच्या घरचे कामही करावे लागते म्हणून त्याला हमालाची जागासुद्धा मिळत नाही, गिरणीत साच्यांचे खाते त्याला बंद आहे, ही उदाहरणे त्यांनी दिली. कामगारांची एकजूट हवी असेल तर कामगाराने कामगाराशी चालविलेला अन्याय आधी थांबला पाहिजे, हा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ होता.

त्याच वर्षी बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने औद्योगिक कलह विधेयक आणले. सक्तीची तडजोड आणि ठरावीक परिस्थितीत संप बेकायदा ठरविण्याची तरतूद त्यात होती. बाबासाहेबांनी सभागृहात त्याला कडाडून विरोध केला. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करावयास लावणे ही गुलामगिरी होय आणि संप म्हणजे काम न करण्याचे स्वातंत्र्य, अशी त्यांची मांडणी होती. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप झाला. १९२९ साली ज्यांच्या संपाला त्यांनी विरोध केला होता, त्याच कम्युनिस्ट पुढाऱ्यांबरोबर ते या वेळी एका व्यासपीठावर होते. पोलिसांचा गोळीबार झाला, कामगार जखमी झाले आणि अखेर विधेयक मंजूरही झाले. पण नऊ वर्षांपूर्वी संपाला नकार देणारा नेता हक्कावर गदा येताच स्वतः संपात उतरतो, हे गिरणगावाने पाहिले. दोन्ही वेळी भूमिका वेगळी होती, परंतु कसोटी एकच होती.

तरीही स्वतंत्र मजूर पक्ष सर्व कामगारांचा पक्ष होऊ शकला नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला नोंदवावे लागते. स्पृश्य गिरणी कामगार मोठ्या संख्येने त्याच्याकडे वळला नाही. मालकाविरुद्ध तो अस्पृश्य कामगाराबरोबर उभा राही. परंतु मत देताना जात आड येई. १९४२ साली क्रिप्स योजनेत अस्पृश्यांच्या राजकीय हक्कांची उपेक्षा झाली. त्यानंतर जुलैमध्ये नागपूरला अखिल भारतीय शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना होऊन मजूर पक्षाचे काम थांबले. एकजुटीचा प्रयत्न फसला, त्याचा दोष तो प्रयत्न करणाऱ्यावर टाकता येत नाही.

मात्र कामगाराचा प्रश्न त्यांनी सोडला नाही. त्याच जुलै महिन्यात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. सरकार, मालक व कामगार अशी तिन्ही पक्षांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरू लागली. कोळशाच्या खाणीत खाली उतरून त्यांनी मजुरांचे काम आणि त्यांची घरे पाहिली. १९४४ साली कोळसा खाण कामगारांच्या कल्याणासाठी निधी उभारला गेला. नोकरी शोधणाऱ्यांसाठी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज निघाले. कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ साली झाली आणि किमान वेतनाचे विधेयकही त्यांच्याच कारकिर्दीत मांडले गेले. युद्धकाळात कोळशाच्या टंचाईमुळे स्त्रियांना खाणीत भूमिगत काम करण्यावरील बंदी उठविली गेली होती, त्यावर टीकाही झाली. ती बंदी १९४६ साली पुन्हा लागू झाली. आज आठ तासांची पाळी करून घरी येणाऱ्या कितीजणांना या इतिहासाची जाणीव आहे?

याच काळात दिल्लीला कामगार संघटनांच्या अभ्यासवर्गापुढे त्यांनी कामगारांचे कानही धरले. कामगार वाचत नाही, राज्यकारभाराचा अभ्यास करीत नाही, केवळ वेतनवाढीच्या मागणीवर समाधान मानतो. त्यामुळे मताचा हक्क हाती येऊनही सत्ता त्याच्या हाती येत नाही, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. मत देणाऱ्यांच्या तोंडावर हे सांगावयास धैर्य लागते. श्रोत्यांना गोड वाटेल तेवढेच बोलण्याची रीत त्यांनी कधी पत्करली नाही.

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. प्रौढ मताधिकार संविधानाने दिला होता आणि त्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष स्वतः मतदारांपुढे उभे होते. १९५१ च्या सप्टेंबरात त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिलेला होता. फेडरेशनने समाजवादी पक्षाशी युती केली. उत्तर मुंबई हा दोन जागांचा मतदारसंघ होता, एक सर्वसाधारण व एक राखीव. युतीतर्फे अशोक मेहता आणि हत्ती या चिन्हावर बाबासाहेब उभे राहिले. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात मतदाराला आपली सर्व मते एकाच उमेदवाराला देता येत असत. १९५२ मध्ये तशी मुभा नव्हती. दोन मते दोन निरनिराळ्या उमेदवारांनाच द्यावी लागत. या निवडणुकीत सुमारे ७४ हजार मते बाद ठरली. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी बाबासाहेबांचा साडेचौदा हजार मतांनी पराभव केला. बाद मतांची संख्या या फरकाच्या पाचपट होती. बाबासाहेब व अशोक मेहता यांनी निवडणुकीविरुद्ध अर्ज केला, तो फेटाळला गेला आणि त्यांनी निकाल स्वीकारला.

१९५४ साली भंडाऱ्याची पोटनिवडणूक झाली. विडी वळणारे, हातमागावर बसणारे, मॅंगनीजच्या खाणीत राबणारे लोक असलेला तो भाग. येथेही दोन मते होती. आपल्या लोकांनी दुसरे मत वाया घालवावे, म्हणजे बाबासाहेबांची जागा सुरक्षित होईल, अशी सूचना काही कार्यकर्त्यांनी केली. ती त्यांनी मान्य केली नाही. ज्याने मताचा हक्क संविधानात लिहिला त्याने मत कुजविण्याचा सल्ला द्यावा, हे त्यांना पटणारे नव्हते. ते सुमारे आठ हजार मतांनी पडले. त्यांचे सहकारी अशोक मेहता मात्र निवडून आले. पराभव पत्करला, पण मताची अप्रतिष्ठा त्यांनी होऊ दिली नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रा राजगृहातून निघाली ती परळच्या, पोयबावडीच्या रस्त्यांवरून गेली. ज्या चाळींपुढे त्यांनी सभा घेतल्या, त्या चाळींच्या सज्जांतून आणि जिन्यांतून कामगार त्यांना अखेरचे पाहत होते. ज्यांनी मत दिले तेही त्या गर्दीत होते आणि ज्यांनी दिले नव्हते तेही.

आता गिरणगाव उरलेले नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. धुराड्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. इंदू मिलच्या जमिनीवर बाबासाहेबांच्या स्मारकाची उभारणी हाती घेतली गेली, हा योग अर्थपूर्ण आहे. आपल्या वसतिगृहातून शिकून गेलेल्या अनेकांचे आजोबा-पणजोबा त्याच गिरण्यांत, गोदीत वा रेल्वेत राबले असतील. उद्योग बुडालेल्या वस्तीत मत मागणारे आजही येतात. कोणी गेलेले दिवस परत आणण्याचे वचन देतो, कोणी शेजाऱ्याकडे बोट दाखवून हाच तुझ्या दुःखाचे कारण असे सांगतो, कोणी मतदानाच्या आदल्या रात्री पाकीट पाठवितो. त्यांना जोखण्याची रीत बाबासाहेबांच्या या चरित्रात सापडते. या माणसाने लेखी कार्यक्रम दिला आहे काय? निवडून आल्यावर त्याने तो सभागृहात मांडला काय? न रुचणारे सत्य तो आपल्याला सांगतो काय? आपल्यातील दुबळ्यावर आपणच करीत असलेल्या अन्यायाबद्दल तो बोलतो काय?

तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना कोणतीही गोष्ट परंपरेने वा कोणाच्या मोठेपणामुळे न स्वीकारता स्वतः पारखून घेण्याचा उपदेश केला. विहारात आपण तो ऐकतो. मतदान केंद्रातही तो विसरता कामा नये. ज्या मतासाठी अस्पृश्य कामगाराने मुकादमाचा रोष ओढवून घेतला आणि ज्याच्या प्रतिष्ठेसाठी बाबासाहेबांनी स्वतःची जागा गमावली, ते मत आज आपल्या प्रत्येकाच्या हाती आहे. आपल्या मुलांना संविधानाची उद्देशिका पाठ करविताना त्या मताची ही कहाणीही सांगितली पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!